जेटीला बांधलेली बोट रात्रीत बसली: इंजिन कसं वाचवायचं आणि पाणी कुठून आलं ते कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२ मीटरची लाकडी ट्रॉलर, वरून फायबर चढवलेली, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. पावसाळी मासेमारी बंदीत खाडीतल्या जेटीला बांधून ठेवली होती. अमावस्येच्या उधाणात रात्री मागची बाजू खाली गेली आणि सकाळी पाहिलं तर पाणी इंजिनाच्या हेडपर्यंत (सिलिंडरवरच्या झाकणापर्यंत), बॅटऱ्या बुडालेल्या. ओहोटीला बोट चिखलावर बसते, आतलं पाणी मात्र फारसं उतरत नाही. मालकांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. इंजिन वाचेल का? आणि पुढच्या वर्षी मोठा पंप बसवला तर पुरेल का?

इंजिन बहुतेक वाचेल, कारण ते बंद असताना बुडालं. चालू इंजिनात पाणी गेलं तर पिस्टन वर येताना पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद इंजिनात पाणी हळूहळू शिरतं आणि आत काही मोडत नाही. पंपाबद्दल पुढे सविस्तर लिहितो, पण त्या एका पंपाच्या भरवशावर पुढचा पावसाळा काढू नका.

आधी एक गोष्ट जी ऐकायला उलटी वाटते. बुडालेलं इंजिन पाण्याखाली असेपर्यंत तुलनेनं सुरक्षित असतं. खाऱ्या पाण्यात लोखंडाला हवा कमी मिळते. इंजिन वर आलं की मिठाचा ओला थर आणि भरपूर हवा एकत्र येतात आणि काही तासांतच सिलिंडरवर, बेअरिंगवर, पंपाच्या आत गंज धरतो. म्हणून घाईघाईनं पाणी उपसून मग मेकॅनिकला फोन करणं ही सर्वांत महागात पडणारी पद्धत आहे. तुमच्या बोटीत ओहोटीलाही पाणी टिकून आहे, म्हणजे इंजिन अजून पाण्यातच आहे. तो वेळ तयारीसाठी वापरा. मेकॅनिक जेटीवर हजर, गोड्या पाण्याची दोन-तीन बॅरलं, ५० लिटर साधं डिझेल, तीन वेळा बदलता येईल इतकं स्वस्तातलं इंजिन ऑइल, फिल्टर, इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढायची हत्यारं. एवढं जमल्यावरच पंप लावा. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

बोटीवर पाय ठेवण्याआधी जेटीवरून विजेची वायर घेतली असेल तर ती जेटीच्या टोकाला काढा, बोटीतल्या स्विचवर विसंबू नका. बॅटऱ्यांचं आम्ल आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होऊ शकतो, तेव्हा इंजिनरूमची झाकणं उघडून वारा खेळू द्या आणि मगच खाली उतरा. मासळीच्या खणाबाबत मी फार कडक बोलतो, कारण त्यानं माणसं मेली आहेत. खणात मासळीचे अवशेष, कुजकं पाणी, बंद झाकण असं असेल तर आत हायड्रोजन सल्फाइड साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं कुणी खलाशानं धरू नये. झाकण बराच वेळ उघडं ठेवा, पंख्यानं हवा मारा. कुणी आत कोसळलाच तर त्याच्यामागे दुसऱ्यानं उडी मारायची नाही, त्याला दोरानं ओढून काढायचं. म्हणूनच आत उतरणाऱ्याच्या कमरेला आधीपासून दोर हवा.

पाणी हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढून घ्या: दोर कसे होते, पाण्याची रेघ कुठवर होती, पंपाचा स्विच कोणत्या स्थितीत होता. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा आणि खराब झालेलं काहीही सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत भंगारात देऊ नका. बंदर निरीक्षकालाही सांगा. डिझेल टाकीतून बाहेर येत असेल तर ते लपवून काही साधत नाही.

आता बोट उचलणं. कठड्यावरून पाणी आत येत असताना कितीही मोठा पंप लावला तरी खाडीच उपसत बसाल. काम ओहोटीला करायचं. पाणी उतरायला लागून कठडा उघडा पडला की सुरुवात करायची, म्हणजे पुढची भरती चढेपर्यंत हातात पाच-सहा तास मिळतात. भाड्यानं मिळणारा दोन इंची पंप मिनिटाला ५०० लिटरच्या आसपास पाणी टाकतो. तुमच्या बोटीत अंदाजे १५-२० हजार लिटर असेल, म्हणजे हिशेबानं पाऊण तास, प्रत्यक्षात दीड-दोन तास, कारण जाळ्याचे तुकडे आणि प्लास्टिक सक्शनच्या तोंडाला अडकतंच. सक्शनचा पाइप जुन्या मासळीच्या क्रेटमध्ये ठेवा. पंप जेटीवर किंवा शेजारच्या बोटीच्या डेकवर ठेवा, इंजिनरूमच्या तोंडाशी कधीही नको, धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड आत शिरून साचतो. दुसरा पंप शेजारी तयार असू द्या.

सक्शनचं तोंड पाण्याच्या तळाशी राहू द्या. डिझेल आणि ऑइल वर तरंगतं, त्यामुळे खालचं पाणी आधी जातं आणि शेवटचा तेलकट थर बादलीनं वेगळा काढता येतो. त्यावर साबणाची पावडर टाकून तेल ‘गायब’ करण्याची सवय सोडा. तेल जात नाही, पाण्यात मिसळून खाली उतरतं आणि त्याच खाडीतल्या कालवांना, चिंबोऱ्यांना भोवतं.

बोट अर्धी भरलेली असताना सगळ्यांत धोक्याची असते. आतलं पाणी ज्या बाजूला झुकेल तिकडे सगळं धावतं आणि बोट आडवी होऊ शकते. म्हणून सगळे खण थोडेथोडे रिकामे करू नका, एक खण पूर्ण रिकामा करून मग पुढचा घ्या. मदतीला आलेली दहा माणसं एका कठड्यावर उभी राहू देऊ नका. चिखलानं तळ धरून ठेवला असेल तर भरती चढल्यावर पुढची बाजू उचलेल आणि मागची अडकून राहील. अशा वेळी मागचा दोर ढिला ठेवा आणि मागे पाणी पुन्हा शिरत नाही ना यावर एका माणसाचं पूर्ण लक्ष असू द्या.

पण थांबा. सगळं पाणी काढण्याआधी ओहोटीला बोटीभोवती चिखलात उतरून एक फेरी मारा. आत पाणी आणि बाहेर कोरडं, अशी स्थिती तुम्हाला पुन्हा मिळणार नाही. ज्या जागेतून पाणी आत आलं, त्याच जागेतून आता ते बाहेर पाझरतं. प्रॉपेलरच्या शाफ्टभोवती, सुकाणूच्या नळीशी, इंजिन थंड करणारं पाणी आत घेणाऱ्या वॉल्व्हखाली, फायबरला गेलेल्या तड्याशी. जिथे धार किंवा ओल दिसेल तिथे खडूनं खूण करा, फोटो काढा. बोट कोरडी करून मग दोन दिवस भोक शोधत फिरणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. ही अर्ध्या तासाची फेरी ते सगळं वाचवते.

लाकडावर फायबर चढवलेल्या बोटीत मात्र एक फसवणूक असते. फायबरला टवका एका जागी असतो, पाणी फायबर आणि फळी यांच्यामधून सरकत जातं आणि आत येतं ते भलत्याच सांध्यातून. आतली ओल पाहून बाहेरची जागा ठरवू नका. लहान हातोडीनं तळ ठोकत जा. घट्ट चिकटलेल्या भागाचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. बद्द वाजणारा भाग खडूनं आखून घ्या आणि तेवढं फायबर कापून फळी पाहा. आत फळी मऊ पडली असेल तर वरून पुट्टी आणि रेझिनचा हात मारून काही उपयोग नाही.

आता इंजिन. पाणी हेडच्या खाली उतरलं की लगेच काम सुरू. पहिला नियम, सेल्फ मारायचा नाही. बॅटरी आणून ‘एकदा फिरवून बघू’ हा मोह मी प्रत्येक वेळी पाहतो आणि वाचलेलं इंजिन त्यातच जातं. इंजेक्टर काढा. क्रँक (पिस्टन वरखाली करणारा दांडा) हातानं, बारनं फिरवा, सिलिंडरमधलं पाणी इंजेक्टरच्या भोकांतून बाहेर पडेल. समप (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तो भाग) उघडा: आधी पाणी येईल, मग दुधी ऑइल. एअर फिल्टर फेकून द्या, इनटेक आणि एक्झॉस्टच्या नळ्या काढून आतलं पाणी ओता. टर्बो असेल तर तो काढून वेगळा धुवा. मग सगळं गोड्या पाण्यानं सढळ हातानं धुवायचं. पाणी जपून वापरायची ही वेळ नाही, कारण मीठ फक्त गोड्या पाण्यानंच जातं, डिझेलनं नाही. धुऊन झाल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतून क्रँक पुन्हा फिरवा, सगळ्या पृष्ठभागावर तेलाचा थर बसला पाहिजे.

इंजेक्शन पंपात पाणी गेल्याची शंका असेल तर तो जेटीवर उघडू नका. त्याच्या आतली मापं मायक्रॉनमध्ये असतात. काढून डिझेलच्या डब्यात पूर्ण बुडवा आणि तसाच पंपवाल्याकडे पाठवा. टाकीत पाणी डिझेलच्या खाली बसतं, तळाच्या कॉकनं ते स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, फिल्टर बदला, नळ्या फुंकून घ्या. गिअरबॉक्सचं ऑइल लोक हमखास विसरतात. ते दुधी दिसलं नाही तरी बदला.

हे सगळं त्याच दिवशी जमणार नसेल, मेकॅनिक अडकला किंवा अंधार पडला, तर धुतलेलं इंजिन तसंच ओलं सोडू नका. समपमध्ये आणि सिलिंडरमध्ये डिझेल काठोकाठ भरून तोंडं बंद करा. असं ठेवलेलं इंजिन काही दिवस थांबू शकतं.

जोडणी झाली की नवं ऑइल घालून, ऑइल प्रेशर येतंय याची खात्री करून, दहा-पंधरा मिनिटं आयडलवर चालवा आणि ऑइल गरम असतानाच काढा. पहिल्यांदा ते दुधी येणारच. दुसऱ्यांदा भरा, पुन्हा चालवा, पुन्हा काढा. ऑइल स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं, साधारण तीन वेळा. मग चांगलं ऑइल भरा आणि २५ तास चालल्यावर तेही बदला. इथे दोन-चार हजार वाचवणाऱ्याला दिवाळीच्या आधी बेअरिंग बदलावी लागतात.

विजेचं थोडक्यात. स्टार्टर आणि अल्टरनेटर काढून गोड्या पाण्यानं धुवा, उघडून सावलीत वाळवा किंवा बल्ब लावलेल्या खोक्यात ठेवा, ज्योत दाखवू नका. बॅटऱ्या गेल्या असं समजा. बुडालेली वायर वरून धडधाकट दिसते, पण तांब्याच्या तारांमधून पाणी आत चढतं आणि महिन्याभरात तार काळी पडून तुटते. ती सगळी बदला, जमल्यास कल्हई केलेल्या तांब्याची वापरा. मासळीच्या खणाचा फोमही तपासा. एका कोपऱ्यात भोक पाडून पाहा. पाणी प्यायलेला फोम शेकडो किलो वजन आत ठेवतो आणि बोट कायम मागे बसलेली राहते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बांधलेल्या बोटी एकदम मोठं भोक पडून क्वचितच बुडतात. बारीक गळती असते, ती कित्येक दिवस चालते, मागची बाजू चार बोटं खाली जाते. मग पंपाच्या पाइपाचं भोक, डेकवरच्या पाण्याच्या वाटा, एखादी जुनी न बुजवलेली बोल्टची जागा, असं जे पाण्याच्या रेघेच्या वर होतं ते रेघेखाली येतं. तिथून पुढे गळतीचा वेग एकदम बदलतो आणि उरलेलं काम एका भरतीत होतं. म्हणून ‘काल संध्याकाळी तर ठीक होती’ असं प्रत्येक मालक म्हणतो, आणि तो खरंच सांगत असतो.

आकडे पाहा. शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर, दोन महिन्यांत २५० लिटर. एवढ्यानं बोट बुडत नाही, पण मागून बसते. त्यावर पाऊस. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जून-जुलैतच. एका रात्री १०० मिलिमीटर पडला तर तुमच्या डेकवर साडेतीन-चार हजार लिटर पाणी येतं. वाटा मोकळ्या असतील तर ते बाहेर जातं. जाळ्याच्या चिंध्या आणि पाल्यानं त्या तुंबल्या असतील आणि त्यातला दहावा भाग जरी झाकणांतून आत गेला, तरी एका रात्रीत साडेतीनशे लिटर. आणि २५ मिलिमीटर व्यासाचा एखादा पाइप पाण्याखाली अर्धा-पाऊण मीटरवर निसटला तर मिनिटाला साधारण ६० लिटर आत येतात, ताशी ३६००. व्यास दुप्पट झाला की हा आकडा चौपट होतो.

बाजारातल्या मोठ्या १२ व्होल्टच्या पंपावर ताशी ७५०० लिटर लिहिलेलं असतं. ते पाणी वर न चढवता मोजलेलं असतं. दीड मीटर उंची आणि खडबडीत पाइप धरला तर निम्म्याच्या आसपास उरतं. तो आठ-दहा अँपिअर खातो, म्हणजे १०० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी नऊ-दहा तास, म्हणजे जेमतेम एक रात्र, तग धरेल. आणि त्याहून वाईट म्हणजे चालू पंप गळती झाकतो. मालक येतो, बोट कोरडी दिसते, तो निर्धास्त परत जातो. एक दिवस पाणी चढलं की पंप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचमध्ये जाळ्याचा धागा अडकतो आणि सगळं उघडं पडतं. पंप हवाच, पण तो किती वेळ चालला हे सांगणारं मीटर त्याच्यासोबत लावा. आठवड्यात ते तास वाढले की ग्लँड पाहायची. पंपाची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीला द्या, मेन स्विच बंद केला तरी पंप जिवंत राहिला पाहिजे. बॅटरी तळाशी ठेवू नका, शक्य तितकी वर बांधा. पंपाचा पाइप आधी डेकच्या उंचीपर्यंत वर न्या, तिथे हवा घेणारा वॉल्व्ह लावा आणि मग बाहेर सोडा. नाहीतर बोट थोडी बसल्यावर त्याच पाइपातून सायफननं खाडी आत येते. केवळ एकतर्फी वॉल्व्हवर भागवू नका, कचऱ्यानं तो उघडा राहतो.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय ग्लँडवर आहे. पॅकिंग बदलताना लांब दोरी गुंडाळून कोंबू नका. प्रत्येक कडी वेगळी कापा, सांधे एकावर एक येऊ देऊ नका, नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळा. चालताना थोडे थेंब पडायला हवेत, बंद असताना कोरडं. बंदीसाठी बांधताना थोडं जास्त आवळा आणि ते स्टिअरिंगला चिठ्ठी लावून लिहून ठेवा, म्हणजे सुरू करण्याआधी कुणीतरी सैल करेल. नाहीतर शाफ्टला चर पडतो आणि मग कोणतंच पॅकिंग टिकत नाही. बोटीच्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) मागे नायलॉनची दोरी गुंडाळली गेली असेल तर ती आताच, बोट चिखलावर असताना, कापून काढा.

दुसरा संशय पाण्याच्या वॉल्व्हवर. हार्डवेअरच्या दुकानातला पितळी वॉल्व्ह नळाच्या पाण्यासाठी असतो. समुद्राच्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि उरतं ते गुलाबीसर, ठिसूळ तांबं. पॉलिश पेपरनं घासून पाहा, आत गुलाबी दिसलं तर तो वॉल्व्ह हातानंही तुटू शकतो. कांशाचा किंवा समुद्रासाठी बनवलेला प्लास्टिकचा बसवा, पाइपाला दोन-दोन क्लिपा लावा, प्रत्येक वॉल्व्हजवळ त्या मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीनं बांधून ठेवा. आणि बोट बांधून घरी जाताना सगळे वॉल्व्ह बंद करा.

दोरांकडेही बघा, कारण ग्लँड निर्दोष असतानाही आखूड दोरानं बोटी बुडतात. उधाणाला पाणी मुंबईत चार मीटरच्या वर चढ-उतार करतं, रत्नागिरीकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोर आखूड असेल तर ओहोटीला बोट जेटीवर टांगली जाते, एका कुशीवर कलते, आणि भरती आली की सरळ व्हायच्या आत कठड्यावरून पाणी घेते. कधी कठडा जेटीच्या तुळईखाली अडकतो आणि चढतं पाणी बोटीला तिथेच दाबतं. पुढचा आणि मागचा दोर लांबवर, तिरपा नेऊन बांधा, म्हणजे उंची बदलली तरी ताण फारसा बदलत नाही. जिथे घासतो तिथे जुन्या पाइपाचं आवरण घाला. चार-पाच बोटी एकमेकींना लावून बांधल्या असतील तर सर्वांत आतल्या बोटीवर सगळ्यांचा भार येतो, तिच्या मालकानं टायर दुप्पट लावावेत.

जागा मिळत असेल तर पावसाळ्यात बोट वर ओढून शाकारणं यासारखा उपाय नाही. नाहीच जमलं तर पाण्याच्या रेघेच्या चार बोटं वर मागच्या बाजूला पांढरा पट्टा रंगवा, म्हणजे राखणदाराला जेटीवरूनच बॅटरीच्या उजेडात कळेल. त्याला दिवसातून कधीही एक फेरी मारायला सांगण्यापेक्षा अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या रात्रीच्या भरतीला आणि मोठ्या पावसानंतरच्या सकाळी सांगा. आणि बंदीच्या तारखांवर विसंबू नका. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ च्या मध्याला कोकण किनाऱ्यावरून गेलं आणि निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलं, म्हणजे वादळ बंदीच्या तारखा पाहून येत नाही. दोर, वॉल्व्ह आणि ग्लँडचं काम मेच्या पहिल्या आठवड्यात उरकलेलं असावं.

आत शिरलेलं पाणी खारं की गोडं हे पाहून पाऊस की खाडी ते ठरवा, असं जुने लोक सांगतात. उन्हाळ्यात ते चालतं. जुलैत खाडीचं पाणीच वरून मचूळ झालेलं असतं, तेव्हा त्यावर जाऊ नका. त्यापेक्षा दोन कोरडे दिवस मिळाले की तळ पुसून कोरडा करा. पाऊस नसतानाही पाणी आलं तर ते खालूनच येतंय.

दुरुस्ती झाल्यावर बोट बंदी उठायच्या किमान आठवडाभर आधी पाण्यात सोडा. दुरुस्तीच्या दिवसांत सुकलेल्या फळ्या फुगून सांधे भरेपर्यंत ती थोडं पाणी घेईलच. पहिले तीन दिवस रात्रीसुद्धा एक माणूस बोटीवर झोपू द्या. दर भरतीला किती बादल्या पाणी निघालं ते त्यानं वहीत लिहावं. आकडा रोज कमी होत गेला पाहिजे. तिसऱ्या दिवशीही तेवढाच असेल तर बर्फ आणि डिझेल भरू नका, बोट पुन्हा वर घ्या आणि खडूच्या खुणांचे फोटो घेऊन त्याच जागा पहिल्यांदा उघडा.